कुटुंबप्रमुखास कळविले आहे

मोठीला माणसं चेहऱ्यांपेक्षा बोटांवरून जास्त लक्षात राहत. नोंदणी केंद्राच्या तीन नंबरच्या खिडकीमागे ती नऊ वर्षं बसत होती, आणि त्या नऊ वर्षांत किती जणांची बोटं धरून तिने यंत्राच्या काचेवर टेकवली असतील ते देवच जाणे. गवंड्यांची बोटं सिमेंटने खाल्लेली, त्यांच्यावर रेघ म्हणून शिल्लक नसे. भांडी घासणाऱ्या बायकांची बोटं पाण्याने सुरकुतलेली. त्यांना ती आधी पाच मिनिटं पंख्याखाली बसवी. म्हाताऱ्यांची बोटं गार पडलेली असत, ती आपल्या तळव्यात धरून आधी ऊब देई आणि मगच काचेवर ठेवी. "यंत्राला गार माणूस मेलेला वाटतो," असं ती म्हणायची, आणि म्हातारेही त्यावर हसायचे. सरकारी खिडकीमागे हसरी बाई मिळणं तसं दुर्मिळच, म्हणून शेजारच्या खिडक्या मोकळ्या असल्या तरी लोक तिच्याच रांगेत उभे राहायचे.

हसरी असली तरी ती कामाला वाघ होती. सुरुवातीच्या काळात वरून फर्मानच होतं, एका खिडकीवर दिवसाला साठ माणसं झाली पाहिजेत. एका माणसामागे पडद्यावर अकरा पानं यायची आणि प्रत्येक पानाच्या तळाशी 'पुढे' असं हिरवं बटण असायचं. साठ माणसं उरकायची तर अकरा पानं वाचत कोण बसणार? केंद्रातल्या सगळ्याच बायकांचा उजवा हात आपोआप 'पुढे, पुढे' करत जायचा आणि डोळे पुढच्या टोकनवर असायचे. एका पानावर फोन नंबर विचारलेला होता. बायकांना विचारावं तर "आमच्या ह्यांचाच टाका" हे उत्तर ठरलेलं, मग हळूहळू विचारणंही बंद झालं. घरातल्या कर्त्या पुरुषाला यंत्र 'कुटुंबप्रमुख' म्हणे. त्याचा नंबर एकदा घातला की घरातल्या सगळ्या बायकांना तोच चिकटवायचा, तेवढंच माणशी अर्धं मिनिट वाचायचं. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ छापून येई, 'कुटुंबप्रमुखास कळविले आहे'. ती वाचणारा माणूस मोठीला अजून भेटला नव्हता.

धाकट्या बहिणीची नोंदही तिनेच केली होती. आठ वर्षांपूर्वी, धाकटीचं लग्न नुकतं झालं होतं तेव्हा. खिडकीसमोरच्या खुर्चीत धाकटी पाय हलवत बसली होती आणि फोटो काढताना तिला हसू आवरत नव्हतं.

"नंबर कुणाचा टाकू गं?" मोठीने विचारलं.

"त्यांचाच टाक. मला कोण मेलं फोन करतंय?"

मोठीने टाकला. सख्ख्या बहिणीसाठी सुद्धा तिने ते पान वाचलं नाही, इतकी ती सवय हाडीमाशी खिळली होती.

धाकटीचा नवरा विमा कंपनीत होता. लोकांनी अपघाताचे दावे केले की ते खरे की खोटे ते शोधायचं, हे त्याचं काम. मोठी त्याला रीतीप्रमाणे भाऊजी म्हणे. आपल्याला तेवढा मान द्यायचं काही कारण नाही, आपण त्याला तपासनीस म्हणू. हा तपासनीस कधी आवाज चढवत नसे. शिवी नाही, दारू नाही, चारचौघांत बायकोच्या हातातली पिशवी आपण घेणार. त्याच्यात खोट काढायची कशी, असं शेजारीपाजारी म्हणत. घरी मात्र धाकटीला दुकानात जाऊन यायला वीस मिनिटं असत, आणि एकविसाव्या मिनिटाला तो घड्याळ हातात धरून दारात उभा असे. एकदा ती एकतीस मिनिटांनी आली. त्याने तिला पाणी दिलं, कपाटाजवळ बोलावलं, तिचा उजवा हात कपाटाच्या फटीत ठेवायला लावला आणि दारावर सावकाश रेलला. मग स्वतःच तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. "फार वेंधळी आहे हो," असं डॉक्टरांना म्हणाला, आणि प्लास्टर वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत बसला.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात धाकटी घरातून गेली. त्याला आता चौदा महिने झाले होते. ती कुठे आहे हे जगात फक्त मोठीला ठाऊक होतं. आई लहानपणीच गेलेली, वडील तीन वर्षांपूर्वी गेले, आणि वडिलांच्या आजारपणात मोठीचं लग्नाचं वय निघून गेलेलं. दोघींना एकमेकींवाचून आपलं असं कुणी नव्हतं. बसने पाच तासांवरच्या एका गावात, हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात धाकटी इस्त्रीला उभी राहत होती आणि एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर खोली घेऊन राहत होती. मोठी तिला भेटायला एकदाही गेली नव्हती. धाकटी दर रविवारी फोन करायची, तोही दर वेळी वेगळ्या दुकानातून, आणि मोठीने उलट फोन करायचा नाही असं ठरलेलं. मुख्य म्हणजे धाकटीने कुठेही बोट लावायचं नाही. तिने बोट लावलं की ते कुठे लावलं याचा निरोप नवऱ्याच्या फोनवर जाणार, हे मोठीला पक्कं माहीत होतं. तिनेच तर तो नंबर टाकला होता.

गेल्या रविवारी फोन आला तेव्हा धाकटीचा आवाज घसरलेला होता.

"ताई, शनिवारी पहिली तारीख. पहिलीपासून हजेरी बोटावर घेणार आहेत. बोट नाही तर काम नाही, असं मालकाने सांगितलं."

"दुसरीकडे काम बघ."

"सगळीकडे तेच होणार आहे म्हणे. कारखाने, दुकानं, सगळं. ताई, काय करू? पळू का आणखी कुठे?"

"अजिबात पळायचं नाही," मोठी म्हणाली. "यंत्र कुणाचं आहे? माझं. उद्या तुझा नंबर बदलून माझा टाकते, दोन मिनिटांचं काम. शनिवारी खुशाल बोट लाव."

"नक्की?"

"तू मला काम शिकवू नकोस."

धाकटी हसली. चौदा महिन्यांनी बहिणीचं हसू ऐकून मोठीला इतकं बरं वाटलं की त्या रात्री ती गाढ झोपली.

सोमवारी केंद्र बंद झाल्यावर, झाडूवाली बाई बाहेरच्या बाजूला असताना, तिने धाकटीची नोंद उघडली. पडद्यावर आठ वर्षांपूर्वीची धाकटी दात दाखवत हसत होती. मोठीने जुना नंबर खोडला, आपला टाकला आणि 'पुढे' दाबलं. यंत्राने विचारलं, 'जुन्या क्रमांकावर सहा आकडी संकेत पाठवायचा आहे. पाठवू?'

हा प्रश्न तिला नवा नव्हता. रोज यायचा. पण रोज खिडकीसमोर नवरा किंवा बाप उभा असायचा आणि आपल्या फोनवर आलेले आकडे मोठ्याने वाचून दाखवायचा. जी बाई एकटी यायची तिला मोठी सांगायची, "ह्यांना घेऊन या." एकदा एक बाई ओठ पदराखाली झाकून आली होती आणि दुसरा काही मार्ग नाही का म्हणून तीनतीनदा विचारत होती. "नियम आहे हो बाई, मी काय करू," असं मोठीने सांगितलं होतं, आणि तेही हसून. आता ती बाई आठवली तशी तिला स्वतःची लाज वाटली. तिने 'रद्द' दाबलं, पडदा बंद केला आणि पर्स उचलून घरी गेली.

बुधवारी यंत्रदुरुस्तीवाला आला. महिन्यातून एकदा येऊन तो काचा पुसायचा, तारा तपासायचा आणि बिनसाखरेचा चहा मागून त्यात दोन चमचे साखर घालून घ्यायचा. मोठीने त्याच्यापुढे कप ठेवला आणि आडून विचारलं.

"काल एक बाई आली होती. नवऱ्याचा नंबर काढून स्वतःचा टाकायचाय, पण नवऱ्याला कळता कामा नये म्हणते. काही होतं का हो?"

"मेली तर होतं," तो चहा ढवळत म्हणाला. "नोंदीवर मृत असा शिक्का पडला की नंबर आपोआप सुटतो. जित्या बाईचा नाही सुटत."

"आणि समजा, नंबर नाही बदलला. नुसती नोंद उघडून बघितली तर?"

"तर निरोप जातो."

"कधीपासून?"

"झाला असेल महिना. लोकांनीच ओरड केली होती ना, आमची माहिती कोण कोण बघतं ते आम्हाला कळलं पाहिजे म्हणून? मग केली वरच्यांनी सोय. कुठल्या केंद्रावर, कुठल्या खिडकीवर, किती वाजता नोंद उघडली, सगळं कळवतात. तुम्हाला पत्रक आलं असेल की."

पत्रक आलं होतं. बारा पानांचं होतं आणि सध्या पाण्याच्या पिंपाखाली घडी घालून ठेवलेलं होतं, कारण पिंप डुगडुगत होतं.

"कुणाला कळवतात?" मोठीने विचारलं.

"कुटुंबप्रमुखाला. दुसऱ्या कुणाला कळवणार?"

गुरुवारी सकाळी एकेचाळीस नंबरचं टोकन पुकारल्यावर तपासनीस तिच्यासमोर येऊन बसला. पांढरा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर फाईल.

"नमस्कार ताई. गर्दी फार दिसते."

"बोला भाऊजी."

"फोटो बदलून घ्यायचाय. मधल्या काळात केस गेले ना. आरशात बघतो तर मी मलाच ओळखू येत नाही."

फोटो बदलायचा तर दहाही बोटं पुन्हा द्यावी लागतात. त्याने हात पुढे केले आणि मोठीला ते धरावे लागले. आधी उजव्या हाताची चार बोटं, मग डाव्या हाताची, मग दोन्ही अंगठे. बोटं स्वच्छ होती, कोरडी होती, नखं बेताने कापलेली. यंत्राने पहिल्या झटक्यात हिरवा दिवा दाखवला. गवंड्यांच्या हातांना तीनतीनदा नाकारणाऱ्या त्या यंत्राचा तिला इतका राग कधी आला नव्हता.

"सोमवारी संध्याकाळी पाच बावन्नला तुम्ही तिची नोंद उघडलीत," तो आवाज न बदलता म्हणाला. "खिडकी क्रमांक तीन."

"रोज शंभर नोंदी उघडते मी. चुकून उघडली असेल."

"चुकून. बरोबर." त्याने मान डोलावली. "आमच्याकडे पण सगळे तेच सांगतात. मी आपला साधा विचार केला. निरोप सुरू झाल्यापासून महिनाभर तुम्ही ती नोंद उघडली नाहीत, आणि आता उघडलीत. म्हणजे ती आहे. आणि तिला कुठेतरी बोट लावायची वेळ आली आहे. शनिवारपासून कारखान्यांत हजेरी सुरू होते म्हणतात ना?"

मोठीने कॅमेरा त्याच्याकडे वळवला आणि फोटो काढला. 

"मी शनिवारची रजा टाकली आहे," तो उठत म्हणाला. "फोन हातात घेऊन बसणार. घाई कसली? चौदा महिने थांबलो तसे दोन दिवस. पावती देता ना?"

तिने पावती दिली. तिच्या तळाशी ती बारीक ओळ होती, आणि त्याने ती बोटाने वाचली.

आता काय उरलं होतं? धाकटीला तिनेच सांगितलं होतं की खुशाल बोट लाव. शनिवारी सकाळी धाकटी निर्धास्तपणे हात पुढे करणार, आणि तिचा पुढचा फोन येणार रविवारी. तोवर सगळा खेळ आटोपलेला असणार. कारखान्यात फोन होता, पण तो मालकाच्या टेबलावर. "तिला बोट लावू देऊ नका" असं मालकाला सांगणं म्हणजे गावभर दवंडी पिटणं. खूप डोकं चालवून मोठी एकाच ठिकाणी येऊन पोचत होती: स्वतः उठून जायचं आणि तोंडाने सांगायचं.

शुक्रवारी पोटात दुखतंय असं केंद्रावर कळवून ती पहाटेच बसस्थानकावर गेली. वर्षभरापासून लांबच्या बसला बोट लावल्याशिवाय तिकीट मिळत नसे. चढण्याआधी खिडकीवर एकदा, उतरल्यावर फाटकावर एकदा. तिने बोट लावलं. तिच्याच फोनवर टिंग वाजून निरोप आला, तो तिने न वाचता पुसला. गेले पाच दिवस तिच्या डोळ्यांपुढे फक्त धाकटीचं बोट होतं. आपल्याला पण एक बोट आहे हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिचा नंबर तिचा होता, तिच्या डोक्यावर नवरा नव्हता, भीती कशाची? तिने स्वतःची नोंद कधी बघितली नव्हती हे खरं. आपली नोंद आपणच उघडायची नाही असा केंद्राचा नियम होता, आणि नियम मोडणाऱ्यातली ती नव्हती. एक सोमवार सोडला तर.

बाराच्या सुमाराला ती उतरली. सायकलच्या दुकानाची माडी विचारावी लागली नाही, धाकटीने फोनवर इतक्यांदा सांगितली होती की जिना किती पायऱ्यांचा तेही तिला पाठ होतं. जेवणाच्या सुट्टीत धाकटी खोलीवर आली होती. दार उघडून ती क्षणभर नुसती बघत राहिली, मग तिने बहिणीला आत ओढलं आणि कडी घातली.

"चष्मा लागला?" ती डोळे पुसत म्हणाली. "म्हातारी दिसतेस."

"तू बघ, तूही काही अप्सरा नाहीस."

दोघी हसल्या आणि मग दोघी रडल्या. खोलीत एक खाट होती, एक स्टोव्ह, दोरीवर दोन कपडे. धाकटीच्या मनगटावर इस्त्रीचे चटके होते आणि उजव्या हाताची दोन बोटं अजून वाकडीच होती, पण तिच्या अंगावर मांस चढलं होतं आणि दुकानातून यायला उशीर झाला म्हणून इथे तिला कुणी काही विचारत नव्हतं. मोठीने तिला पाणीही पिऊ दिलं नाही, आधी सगळं सांगितलं. नंबर बदलला नाही. बदलता येत नाही. उद्या बोट लावायचं नाही. आजच काम सोड आणि महिनाभर घरी बस, मग काय ते बघू.

"बरं झालं तू आलीस," धाकटी म्हणाली. "मी उद्या सगळ्यांत आधी रांगेत उभी राहणार होते."

तेवढ्यात मोठीच्या पर्समधला फोन वाजला.

"पोचलात ना नीट, ताई?" तपासनीस म्हणाला.

मोठीने वळून दाराची कडी बघितली.

"बारा वाजून आठ मिनिटांनी उत्तरेच्या फाटकातून बाहेर पडलात. म्हटलं जेवण वगैरे होऊ द्यावं, मग फोन करावा. चष्मा कसा काय, सोसला ना? गेल्या वर्षी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलात तेव्हाच विचारणार होतो."

"माझा नंबर माझा आहे," ती कशीबशी म्हणाली.

"आहेच की. तुमचे निरोप तुम्हाला येतातच. पण वडील गेल्यावर घरात पुरुष कोण उरला? यंत्राने जवळचा शोधला, तर मी निघालो. मला रीतसर पत्र आलं होतं. तुमच्याच शेजारच्या खिडकीवर झालं ते, तुम्हाला कुणी वाचून दाखवलं नसेल. तुम्ही लोक फार घाईत असता." गाडीच्या हॉर्नचा आवाज आला. "तीन वर्षं तुमचं सगळं मला येतंय, ताई. तुम्ही फार साधं जगता. चौदा महिने बघत होतो, कधी तरी तुम्ही निघाल म्हणून. निघतच नव्हता. काल शेवटी येऊन बोलावं लागलं."

मोठीला सगळं एकदम दिसलं. शनिवार, रजा, हातात फोन, हे सगळं तो तिला ऐकवण्यासाठी बोलला होता. तिला पळवायचं होतं आणि ती पळाली होती.

"मी वाटेतच आहे, चारपर्यंत पोचतो," तो म्हणाला. "गाव लहान आहे, कारखाना एकच दिसतो, चादरींचा. तिला म्हणावं सामान आवरून ठेव. आणि दोघींनी जेवून घ्या."

फोन बंद झाला. मोठी खाटेवर बसली. वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याचा दिवस तिला आठवला. शेजारच्या खिडकीवरची मैत्रीण डोळे पुसत 'पुढे, पुढे' करत होती आणि मोठीच तिला म्हणत होती, "लवकर उरक गं, मला बघवत नाही." नवा कुटुंबप्रमुख कोण, असं यंत्राने विचारलं असणार. दोघींपैकी एकीने तरी वाचलं असतं तर.

"ताई, तो येतोय का?" धाकटीने विचारलं. ती नकळत उजवा हात पाठीमागे घेऊन उभी होती. तो हात बघितला आणि मोठी खाटेवरून उठली.

"घड्याळात किती वाजले?"

"पाऊण."

"त्याला तू दिसत नाहीस," मोठी सावकाश म्हणाली. "त्याला मी दिसते. मी जिथे जाईन तिथे तू असणार असं तो धरून चालणार. इथून बोट न लावता कसं निघता येईल तुला?"

"कारखान्याची गाडी जाते. धुतलेल्या चादरी पोचवायला. गठ्ठ्यांमध्ये बसवून नेतो ड्रायव्हर, बायका माहेरी जातात तशा कधीकधी. दीडला सुटते. ती जाते—"

मोठीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"मला सांगू नकोस."

"अगं, पण मग तुला कळणार कसं?"

"नाही कळणार."

"रविवारी फोन करीन ना."

"नाही करायचास." मोठीने तिचे दोन्ही खांदे धरले. "ऐक. मला माहीत असलं की एक ना एक दिवस मी घाबरेन आणि घाबरले की तुझ्याकडेच पळेन. आज पळाले तशी. मला माहीतच नसलं पाहिजे."

"मी एकटी काय करू ताई?"

"चौदा महिने काय करत होतीस? तेच कर. नव्या गावी नवं काम बघ, बोटाशिवाय कुणीतरी देतंच. लोक काही सगळे यंत्रासारखे नसतात." ती हे बोलली खरी, पण तिला त्याची खात्री नव्हती, आणि धाकटीलाही ते कळलं. "चल, दोरीवरचे कपडे घे."

जिन्याच्या तळाशी धाकटीने तिला घट्ट मिठी मारली आणि सोडेना. मोठीनेच तिचे हात सोडवले, वाकडी बोटं जपून एकेक करून सोडवली, आणि पाठ फिरवून चालू लागली. गाडी कुठल्या रस्त्याला लागते ते दिसू नये म्हणून ती बसस्थानकापर्यंत मागे न वळता गेली.

तिकीट खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "कुठे?"

"सगळ्यांत लांब कुठली जाते आता?"

त्याने घाटापलीकडच्या एका गावाचं नाव सांगितलं. मोठीने बोट लावलं. बस सुटून दहा मिनिटं होतात न होतात तोच फोन वाजला.

"हे काय ताई? कुठे निघालात?"

"तुम्हाला दिसतंय की."

"तिला घेऊन?"

शेजारच्या सीटवर एक अनोळखी बाई तोंडावर पदर घेऊन झोपली होती. मोठी जन्मात कुणाशी धड खोटं बोलली नव्हती; गुरुवारचं 'चुकून' सुद्धा तिला जमलं नव्हतं. "हो," ती म्हणाली. "शेजारीच आहे."

"द्या तिला फोन."

"झोपली आहे हो. दमली आहे फार. तुम्हीच या."

पलीकडे ब्रेक करकचला. मग गाडी वळवताना वाजतो तो टिकटिक आवाज ऐकू आला.

"बरं," तपासनीस म्हणाला. "उतरलात की मला कळेलच."

"कळेलच."

घाटापलीकडे ती दिवेलागणीला उतरली आणि फाटकावर बोट लावून पुन्हा तिकीट खिडकीसमोर जाऊन उभी राहिली. तो कधीतरी तिला गाठणार होता, आणि शेजारी कुणी नाही हे बघितल्यावर काय करणार होता, याचा विचार तिने बसमध्ये करून संपवला होता. सोमवारी खिडकी तीन वर कोण बसेल, याचाही. धाकटी आत्ता कुठे असेल हे मात्र तिला माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच माहीत नव्हतं. पुढच्या गावाचं तिकीट मागून तिने बोट काचेवर ठेवलं आणि हिरवा दिवा लागेपर्यंत तिथून हलवलं नाही.